धोंड्यापर्यंत कालवा बंद

५ एप्रिल २०२६, रविवार. सकाळी ११
आजपासून दारू कमी. बंद नाही, कमी. बंद करणारे लोक आठ दिवसांत दुप्पट सुरू करतात, हे मी आयुष्यभर बघत आलोय. मी इंजिनिअर माणूस, नियोजनानं जाणार.

कारण शुद्ध तांत्रिक. सायकल. आज ग्रुपबरोबर भिगवण रोडला गेलो होतो, येताना सगळ्यांत मागे. दातांचे डॉक्टर सौरभ माझ्यासाठी थांबले. त्यांनी आपलं स्मार्टवॉच माझ्या मनगटाला बांधलं आणि म्हणाले, काका, बसल्या जागी ठोके ब्याण्णव पडतायत, रात्रीचं काही घेता का? मी म्हणालो, ताक. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, पण चारचौघांत कशाला.

कारण क्र. १ : हृदयाचे ठोके.

मालती घरी नाही याचा या निर्णयाशी काही संबंध नाही. ती बावड्याला माहेरी गेली आहे, आईचे गुडघे दुखतात म्हणून. जानेवारीत गेली. गुडघे दोन आहेत, वेळ लागणारच.

६ एप्रिल, सोमवार
नियोजन पूर्ण. एकतीस वर्षं कालव्यावर काढून गेल्या ऑक्टोबरात शाखा अभियंता म्हणून रिटायर झालो. वाटप कसं करायचं हे मला कुणी शिकवू नये. कालव्याला बारा महिने पाणी नसतं, आवर्तन असतं. ठरल्या दिवशी सोडायचं, ठरल्या दिवशी बंद. तेच इथं. सहा दिवस कालवा बंद, शनिवारी पाणी. विसर्ग दोन पेग. वाहताना गळती होतेच, ती नियमातच धरलेली असते. अर्धा पेग.

तक्ता करून फ्रिजवर लावला. गोजरबाई भांड्यांना आल्या. त्यांना वाचता येत नाही असा माझा समज होता. त्यांनी विचारलं, साहेब, गळती मंजी काय? मी म्हणालो, तांत्रिक आहे.

तक्त्याचा फोटो मालतीला पाठवला. खाली लिहिलं, सायकलसाठी. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. निळ्या खुणा लगेच आल्या म्हणजे बावड्यात नेट चांगलं आहे.

९ एप्रिल, गुरुवार
गळती.

१० एप्रिल, शुक्रवार
कालची गळती तीन पेगांची झाली, पण प्रसंग आनंदाचा होता. पूर्वीचा फोन आला होता. पूर्वी आमची एकुलती मुलगी. डिसेंबरात लग्न झालं, इंदापूरला असते, जावई अनिमेष तिथेच कॉलेजात शिकवतो.

मीच विषय काढला. सतरा मेला अधिक महिना लागतोय. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. हे वाण सासूसासऱ्यांनी जोडीनं पाटावर बसून द्यायचं असतं. जोडीनं. एकट्याचं चालत नाही, मी कॅलेंडरच्या मागे बघून खात्री केली. थोडक्यात, मालतीला बारामतीला यावंच लागणार. मी पूर्वीला म्हणालो, बाबा तयारीला लागलेत. ती म्हणाली, बघू बाबा.

मुली लग्नानंतर 'बघू' म्हणतात त्याचा अर्थ 'हो' असतो.

१९ एप्रिल, रविवार. दुपारी ३
मोरगाव राइड. जाऊन येऊन सत्तर करायचे होते. बावडा इथून साधारण तेवढंच पडतं (एका बाजूनं). निव्वळ योगायोग.

नियोजनात एक बारीक चूक निघाली. पाणी शनिवारी सोडायचं आणि राइड रविवारी. जाताना समोरून वारा, डोक्यात हातोडे. मोरगावात गणपतीला बाहेरूनच नमस्कार केला, कारण वाकलो असतो तर उठलो नसतो. परत येताना एका पिकअपवाल्यानं मला आणि सायकलला मागे घेतलं. मागे नऊ शेळ्या. सगळ्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या. उतरवताना तो पोरगेला ड्रायव्हर म्हणाला, "आबा, शेळ्या कवा कुणापास्नं अशा लांब सरत न्हाईत." मी म्हणालो, शहरातल्या माणसाची सवय नसेल त्यांना. एकीनं तेवढ्यात धीर करून हँडलची टेप खाल्ली होती.

कारण क्र. २ : डिहायड्रेशन. कारण क्र. ३ : वजन, चौऱ्याऐंशी. दोन्ही मालतीला पाठवली. निळ्या खुणा.

२३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६
कारण क्र. ४ : हाताची पकड.

ब्रेक दाबताना बोटं थरथरतात, उतारावर धोका आहे. (बारामतीत उतार नाही, पण सराव हवा.) म्हणून रोज उठल्यावर एक प्रयोग. तांब्या एक हात उंच धरायचा आणि ग्लासात धार सोडायची. बाहेर किती सांडतं ते बघायचं. आज निम्मं फरशीवर.

लग्नात जे झालं त्याच्याशी याचा संबंध लावायचं कारण नाही. ते थंडीनं झालं. कन्यादान होतं. मालती कलशातून धार धरत होती, ती माझ्या ओंजळीतून अनिमेषच्या ओंजळीत पडायची, एवढंच काम. पाणी पूर्वीच्या शालूवर गेलं. भटजी म्हणाले, असू द्या, पुन्हा. पुन्हाही शालूवर. तिसऱ्या वेळी मालतीनं डाव्या हातानं माझं मनगट गच्च धरलं आणि उजव्या हातानं पाणी सोडलं. सगळा हॉल बघत होता. सकाळी मी फक्त दोनच घेतले होते, तेही पाहुण्यांच्या आग्रहाखातर. एकतीस वर्षं ज्यानं तालुक्याचं पाणी वाटलं त्याला ओंजळभर पाणी पुढे देता आलं नाही, असं मालतीचा भाऊ भिमराव जेवणाच्या पंगतीत कुणाला तरी म्हणाला. मी ऐकलं.

डिसेंबर होता. थंडी फार होती.

३ मे, रविवार
उत्तम आठवडा. पाळी पाळली, गळती शून्य. लासुर्ण्यापर्यंत जाऊन परत. दोन्ही बाजूंना ऊस, कालव्याला पाणी चालू, वास ओळखीचा. पाणी सोडणारा पाटकरी सावळाराम कालव्याच्या दारावर उभा होता, त्यानं सायकल थांबवून नमस्कार केला. साहेब, तब्येत उतरली तुमची, म्हणाला. मी म्हणालो, उतरवली.

ठोके ब्याऐंशी. धार : ग्लासाबाहेर पाच-सहा थेंब.

भिमरावला फोन केला. अधिकात एका रविवारी सायकलवरून बावड्याला येतोय, मालतीला धोंड्यासाठी घेऊन जायला, असं सांगितलं. सायकलवरून बायकोला कसं नेणार असा फालतू प्रश्न त्यानं विचारला नाही. "या की दाजी," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "उन्हाचं कशापायी त्ये?" मागून मालतीचा आवाज आला, कोण हाय. भिमराव म्हणाला, कुणी न्हाय, खताचं दुकान.

माणूस गमत्या आहे.

१२ मे, मंगळवार. संध्याकाळी ७
वाणासाठी तांब्याचं ताम्हण लागतं. ते मालतीच्या कपाटात असतं. जानेवारीपासून ते कपाट उघडलं नव्हतं. उघडलं.

ताम्हण नाही. वरचे दोन कप्पे रिकामे. मला वाटत होतं चार साड्या नेल्या असतील. खालच्या खणात तिच्या शाळेची सर्टिफिकेटं असायची, ती नाहीत. दाराला आतून रेनकोट टांगलेला असायचा, तो पण नाही. जानेवारीत आईच्या गुडघ्यासाठी जाणारी बाई रेनकोट नेत नाही.

मालती पहिल्यापासून दूरदृष्टीची.

१३ मे, बुधवार
भराव फुटला. किती ते लिहीत नाही, विसर्ग मोजायच्या पलीकडे होता.

गोजरबाई सकाळी आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात फरशीवर होतो. त्यांनी आधी काचा गोळा केल्या, मग मला उठवून खुर्चीत बसवलं. चहा केला. फ्रिजवरचा तक्ता बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मालकानं बी असाच तक्ता केलता. भित्तीवर, कोळशानं."

मी विचारलं, मग काय झालं?

"भित हाय अजून," म्हणाल्या, आणि भांडी घासायला बसल्या.

१४ मे, गुरुवार
आवर्तन पद्धत रद्द. कालवा दुरुस्तीसाठी पूर्ण बंद. उरलेलं सगळं बेसिनमध्ये ओतलं. हात इतका हलत होता की निम्मं माझ्याच पायावर.

दिवस पहिला.

१७ मे, रविवार
अधिक लागला. राइड नाही. झोप नाही. घाम. दुपारी सौरभ बघायला आले, त्यांना ग्रुपवर मी दिसलो नाही म्हणून. एकदम बंद केली म्हटल्यावर रागावले, असं विचारल्याशिवाय करायचं नसतं म्हणाले, आणि स्वतःच्या गाडीतून ओळखीच्या फिजिशियनकडे घेऊन गेले. गोळ्या दिल्या. फिजिशियननी विचारलं, सोडायचं कारण काय? मी सांगितलं, सायकल. ते म्हणाले, कारण कुठलंही चालतं.

मालतीला पाठवलं : कारण क्र. ५, रिकव्हरी टाइम.

२५ मे, सोमवार
अनारसे स्वतः करायचे ठरवलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. पाणी बदलणं हे माझं क्षेत्र. वाळवले, दळले, गूळ घालून मुरवले. मोबाईलवर बघून खसखशीवर थापले. आज कढईत सोडले.

हसले. एकामागून एक तुपात पसरून त्यांचा भुगा झाला. गोजरबाई म्हणाल्या, पीठ सैल झालं, मालतीताईंचा अनारसा कवा हसला न्हाय. मी म्हणालो, मला माहीत आहे. तेहतिसांतले बत्तीस हसले, एक नीट उतरला. जाळी पडलेला, चांगला. तो डब्यात ठेवला आहे. मालतीला दाखवायचा.

दिवस बारावा. एकदाही गळती नाही. हे मी मुद्दाम दोनदा वाचलं.

३० मे, शनिवार. संध्याकाळी ८
धार सोडली. ग्लासाबाहेर एकही थेंब नाही. परत सोडली. नाही. डाव्या हातानं सोडली, तरी नाही. मग फरशीवर बसून थोडा वेळ रडलो. कारण क्र. ६ : डोळ्यांचा कोरडेपणा कमी होतो.

उद्या बावडा. साडेचारला निघायचं. लासुर्ण्यात चहा, इंदापुरात पूर्वीकडे नाश्ता, नऊपर्यंत बावड्यात. मालतीला एवढंच म्हणायचं की, पुढच्या रविवारी पूर्वी-अनिमेषला बोलवू, तू ये, हात आता थांबलाय. वाक्य पाठ केलं. सायकलचा विषय काढायचा नाही.

पूर्वीला फोन करत नाही. सरप्राइज.

३१ मे, रविवार. संध्याकाळ
क्रमानं लिहितो.

सात वीसला इंदापूर. पूर्वीच्या दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, बावड्याला गेले की दोघं, धोंड्याला. आज आहे ना.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटलं, सरप्राइज माझ्यासाठीच आहे. भिमरावला मी येणार हे माहीत होतं. त्यांनी सगळं तिकडेच जुळवून आणलं असेल, मला पाटावर बसवतील. पुढचे वीस किलोमीटर मी गाणं म्हणत गेलो. तेवढा वेग मला या आधी कधी लागला नव्हता.

भिमरावच्या अंगणात बऱ्याच चपला. सासूबाई चंद्राबाई पायरीवरून टुणटुण उतरून आल्या, दोन्ही गुडघ्यांवर. मी हेल्मेट आणि घट्ट चड्डीत. ओसरीवर पाट मांडलेले. एका बाजूला अनिमेष आणि पूर्वी. समोर भिमराव आणि त्याची बायको माधवी, उपरण्याला पदराची गाठ मारलेली. मधे आमचं ताम्हण. त्यात तेहतीस अनारसे, वर दिवा. एकही हसलेला नव्हता. मी अनारसे बघूनच ओळखलं कुणी केलेत.

मालती खांबाला टेकून उभी होती.

पूर्वी म्हणाली, बाबा, मी सांगणार होते. भिमरावचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही. त्यानं गाठ सोडायला हात घातला आणि अर्धा उठला. "दाजी, तुमी बसा हितं. तुमचा मान हाय."

मी बूट काढायला लागलो. मग लक्षात आलं की सगळे मालतीकडे बघतायत, कारण मी बसलो तर शेजारच्या पाटावर तिला बसावं लागणार.

मालती म्हणाली, "दादा, तू उठू नको."

एवढंच. आवाज चढला नाही. भिमराव खाली बसला. मी एक बूट काढलेला, एक पायात, तसाच बाजूला खुर्चीत बसलो. माधवीनं पाणी सोडलं, भिमरावच्या हातावरून ते अनिमेषच्या हातात गेलं. थेंबही सांडला नाही. भिमराव द्राक्षं छाटतो, त्याचा हात चांगला आहे.

मग मला जेवायला वाढलं. मी पण या घरचा जावईच. धोंडे, वर तुपाची धार, आग्रह. भिमरावनं टॉवेल-टोपी दिली. अनिमेष पाया पडला. सगळं रीतसर झालं, पाहुण्यांचं होतं तसं.

जेवल्यावर मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. मालती तांब्या घेऊन आली. तिनं पाणी घातलं, मी ओंजळ धरली. ती भरली. मी ती तशीच धरून ठेवली, तिला दिसावी म्हणून.

बराच वेळ बघत होती. म्हणाली, "हात थांबलाय तुमचा."

मी म्हणालो, अठरावा दिवस.

ती म्हणाली, "तुमची सगळी कारणं वाचली मी. रोज वाचायचे. वाटायचं, पुढच्यात तरी मी असेन. पूर्वी दहावीत होती तेव्हापासून मी तुमच्या पाया पडले. लग्नाच्या आदल्या रात्री पोरीनं हात जोडले. तेव्हा न्हाय सुटली. सायकलसाठी सुटली."

ओंजळीतलं पाणी हळूहळू गळून गेलं, हात न हलता.

आता लिहिताना सगळं सुचतंय. तेव्हा पाठ केलेलं वाक्य सुद्धा आलं नाही. सायकलचं मी खोटं लिहीत होतो, असं म्हणायचं होतं. तुझ्यासाठी म्हटलं आणि मला नाही जमलं तर काय तोंड दाखवू, म्हणून सायकल पुढे केली, असं म्हणायचं होतं. मी म्हणालो, ठोके बहात्तरवर आलेत.

ती म्हणाली, "चांगलं हाय. असंच ठेवा. माझी वाट बघू नका, मी आता बघत न्हाय."

तांब्या उपडा घालून आत गेली.

खिशात अनारशाचा डबा होता. निघताना अंगणातल्या पेरूखाली उघडला. रस्त्याच्या हादऱ्यांनी तोही हसला होता. चिमण्यांना घातला.

भिमरावनं सायकल पिकअपमध्ये टाकली आणि मला बारामतीपर्यंत सोडलं. वाटेत एकदाच बोलला. "दाजी, तुमी आदी नुसतं यायचं हुतं. सायकल कशाला पायजे हुती?"

१ जून, सोमवार
दुकान सकाळी दहाला उघडतं. पावणेदहाला दारात उभा होतो. दहा वाजता शटर वर गेलं. मी उभाच होतो. मालकानं बोटांनी विचारलं, नेहमीचं? मी त्याला विचारलं, टायरमध्ये हवा भरायचा पंप आहे का. तो हसला. मी घरी आलो.

का आलो माहीत नाही. सहाच्या सहा कारणं तपासली, एकही खरं नाही. खरं होतं ते काल तांब्या उपडा घालून आत गेलं.

१५ जून, सोमवार. संध्याकाळी ६
अधिक संपला. कालवा बंद आहे. आज तेहतिसावा दिवस. अधिकाचाच आकडा, पण वाण द्यायला समोर कुणी नाही.

सकाळी तांब्याची धार सोडली. सरळ ग्लासात. सवय लागली आहे, आता त्याचा उपयोग नाही. गोजरबाईंनी बघितलं. जाताना फ्रिजवरचा तक्ता काढून घडी घालून माझ्या हातात दिला.

नोकरीत असताना टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांतून फोन यायचे, पाणी कधी पोचणार. मी सांगायचो, सोडलंय, पोचेल. पोचलं का, हे मी उलटा फोन करून कधी विचारलं नाही.

दुपारी मोबाईलवर मालतीला लिहिलं : कारण क्र. १ पहिल्यापासून तू होतीस. बाकीची सगळी नंतर काढली. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो. खोडलं.

मग बावड्याच्या राइडचा फोटो पाठवला. एकाहत्तर किलोमीटर, सरासरी अठरा. खाली लिहिलं, पुढचा धोंड्याचा महिना तीन वर्षांनी आहे, तयारीला वेळ आहे.

चार तास झाले. निळ्या खुणा आल्या नाहीत. बावड्यात नेट गेलं असेल.